लाकडी मॉरिसचा एकच कोपरा दर पावसाळ्यात कुजतोय? आधी पाणी कुठे थांबतं ते बघा

प्रॉब्लेम आधी सांगतो. १९५४ ची मॉरिस मायनर ट्रॅव्हलर, सिरीज टू, ८०३ सीसी, पार्ले पूर्वेला आमच्या सोसायटीच्या कंपाउंडमधे उभी असते. मागच्या डाव्या सरकत्या काचेखाली जी आडवी लाकडी पट्टी जाते ना, तिचा मागचा कोपरा, वीतभर जागा फक्त, दर पावसाळ्यात आधी काळा पडायचा मग मऊ व्हायचा. मी दिवाळीच्या सुट्टीत दुरुस्त करायचो आणि पुढच्या गणपतीपर्यंत परत तेच. सलग चार वर्षं. उजव्या बाजूचं लाकूड तितकंच जुनं, तितकाच पाऊस खाल्लेलं, आणि ठणठणीत. हा फरक माझ्या डोळ्यांसमोर चार वर्षं होता आणि मी त्याकडे बघितलंच नाही, म्हणून हे लिहितोय.

ज्यांना ही गाडी माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. मायनर १९४८ ला आली, ॲलेक इसिगोनिसचं डिझाईन, आणि तिचा हा लाकडी पाठीचा प्रकार, ट्रॅव्हलर, १९५३ पासून १९७१ पर्यंत बनत होता. पुढचा अर्धा भाग साध्या मायनरसारखा पत्र्याचा, पण पुढच्या दारांच्या मागे जे काही आहे त्याचा सांगाडा ॲश लाकडाचा, मधल्या चौकटींत ॲल्युमिनियमचे पत्रे. इसिगोनिसच्याच पुढच्या मिनीच्या लाकडी पट्ट्या शोभेच्या होत्या, वरून चिकटवलेल्या. इथे तसं नाही, इथे मागचं छप्पर, काचा, मागची दोन दारं सगळं लाकडावर उभं आहे, म्हणून ब्रिटनमधे जुन्या गाड्यांनाही वार्षिक तपासणी सक्तीची होती तेव्हा (२०१८ पर्यंत) या गाडीचं लाकूड कुजलेलं निघालं तर गंजलेल्या चासीसारखंच नापास करायचे. म्हणजे "काय थोडं काळं पडलंय, चालायचंच" असं म्हणून सोडता येत नाही.

आणि ॲश हे लाकूड म्हणजे लवचिक, चिवट, क्रिकेटचे स्टम्प आणि हातोड्यांचे दांडे याचेच करतात, मॉर्गन या ब्रिटिश गाडी कंपनीवाले आजही गाडीचा सांगाडा ॲशचा करतात. पण ओल सहन करायची ताकद शून्य. आपल्या सागवानात स्वतःचं तेल असतं, ॲशमधे तसं काही नाही. लाकडातली ओल २० टक्क्यांच्या वर जाऊन तिथेच राहिली की कुजवणारी बुरशी कामाला लागते, आणि मुंबईत जुलैमधे एक थेंब पाणी न लागता नुसत्या हवेनेच लाकूड १६-१८ पर्यंत जाऊन बसतं. म्हणजे आपल्याकडे हातात उरतात दोन-चार टक्के. इंग्लंडच्या हिशोबाने लिहिलेले उपाय इथे अर्धेच लागू पडतात ते यामुळे.

आता मी काय काय केलं ते क्रमाने, कारण तुम्हीही बहुतेक यातलंच काहीतरी करत असाल.

पहिल्या वर्षी काळा भाग घासला, वरून व्हार्निशचे तीन हात. दिसायला नवीकोरी. जुलैमधे व्हार्निशच्या खाली काळं यायला लागलं, वर फिल्म तशीच चकचकीत. दुसऱ्या वर्षी कुजलेलं खरवडलं आणि पोकळीत इपॉक्सी (दोन भाग कालवून कडक होणारा गोंद) ओतलं. इपॉक्सी आजही तसंच दगड होऊन बसलंय, त्याच्या आजूबाजूचं लाकूड गेलं. तिसऱ्या वर्षी मला साक्षात्कार झाला की कुठून तरी पाणी आत शिरतंय, तेव्हा सिलिकॉनच्या दोन ट्यूब आणल्या आणि दिसेल ती फट बंद केली, काच ज्या खोबणीत सरकते त्या चॅनेलच्या कडा, पत्रा आणि लाकडाच्या मधली रेघ, सगळं. त्या पावसाळ्यात वीतभराचं हातभर झालं.

मधे एका गॅरेजवाल्याने सांगितलं की हे सगळं लाकूड काढून आत चौकोनी पाईप वेल्ड करू आणि वरून लाकडी डिझाईनचा सनमायका मारू, कोणाला कळणार पण नाही. मला कळेल ना. शिवाय २०२१ ला केंद्राचे व्हिंटेज गाड्यांचे नियम आलेत, ५० वर्षांच्या वरच्या गाडीला व्हीए सिरीजचा नंबर मिळतो, पण गाडी मूळ रूपात पाहिजे, चासी-बॉडी-इंजिनात मोठे फेरफार केलेले चालत नाहीत. सांगाडाच बदलला तर तो मोठा फेरफार नाही तर काय.

चौथ्या वर्षी नव्याने काही भरण्याआधी ठरवलं की आधी पाणी बघायचं. ही तपासणी कोरड्या दिवसांत करायची, मी फेब्रुवारीत केली, कारण पावसात सगळंच ओलं असतं, काय कुठून आलं कळत नाही. सोसायटीत पाईपने गाडी धुवायला बंदी, म्हणून बादली आणि तांब्या, आणि खरं सांगू का तांब्याच बरा, किती पाणी ओतलं ते माहीत असतं. नियम एकच, खालून वर जायचं. आधी मागच्या दाराच्या खालच्या कडेवर पाणी, पाच-दहा मिनिटं थांबा, मग पत्र्याच्या रेघेवर, मग काचेच्या चॅनेलमधे, सगळ्यात शेवटी छपराची कड. सुरुवातच छपरापासून केली तर पाणी ओघळत सगळीकडे जातं आणि तुम्ही होता तिथेच. आतून लाकडावर टाल्कम पावडर भुरभुरवून ठेवा, एक थेंब जरी आला तरी रेघ उमटते. (नीळ घातलेलं पाणी वापरू नका. मी वापरलं. ॲशला निळा डाग पडला तो अजून आहे.)

भाचा आत मोबाईलचा टॉर्च घेऊन बसला होता. अर्धा तास मी पाणी ओततोय, तो आतून ओरडतोय, "मामा, इथे काहीच नाही रे!" छपरापर्यंत गेलो, पावडर कोरडी. म्हणजे ज्या गळतीसाठी मी दोन ट्यूब सिलिकॉन संपवलं ती गळती नव्हतीच.

मग सुचलं की चांगली बाजू उभीच आहे शेजारी, तिच्यावर तेच करून बघू. उजव्या काचेच्या खालच्या चॅनेलमधे एक तांब्या ओतला. अर्ध्या मिनिटात पट्टीच्या बाहेरच्या बाजूने धार लागली, सगळं पाणी खाली. डाव्या चॅनेलमधे तेवढंच ओतलं, बाहेर काही आलं नाही. चहा पिऊन आलो, पाणी तिथेच. तासाभराने थोडं कमी झालं होतं, आणि ते कुठे गेलं असेल? लाकडात.

या गाडीत मागच्या बाजूच्या काचा आडव्या सरकतात, त्या ज्या खोबणीत सरकतात तिथे पावसाचं पाणी येणारच, ते अडवायची सोयच नाही, तशी अपेक्षाही नाही. त्या खोबणीच्या तळाला बारीक भोकं असतात, तिथून पाणी बाहेर टाकायचं अशी रचना आहे. पाणी आत येणं हा दोष नव्हे, पाणी अडकणं हा दोष. आणि ती भोकं मी स्वतः सिलिकॉनने बुजवली होती. पण मग सिलिकॉनच्या आधीची दोन वर्षं?

त्यासाठी काच आणि चॅनेल काढावं लागलं. खालच्या चॅनेलचे स्क्रू सत्तर वर्षांचे, डोकी झिजलेली. यावर उपाय, जाड टोकाची सोल्डरिंग आयर्न स्क्रूच्या डोक्यावर मिनिटभर धरा, थंड होऊ द्या, मग फिरवा, दहातले आठ सुटतात. उरलेल्यांची डोकी ड्रिल करून उडवा आणि उरलेला बुंधा प्लायरने काढा, जोर करून पट्टी चिरू नका. चॅनेलच्या खाली काय होतं तर मातीचा थर, शेवाळं, गुलमोहराच्या पाकळ्यांचा लगदा आणि जुन्या फेल्टचं पीठ. भोकं सिलिकॉनच्याही आधीपासून बंद होती. सायकलचा स्पोक घालून साफ केली, चॅनेल परत नुसतं ठेवलं, पाणी ओतलं.

बरंचसं गेलं. पण मागच्या कोपऱ्यात बोटाच्या पेराएवढं पाणी उरलंच.

इथे मी खरंच डोकं धरून बसलो होतो. पोरं क्रिकेट खेळत होती कंपाउंडमधे, आणि बॉल नेहमीप्रमाणे माझ्या गाडीखाली आला, मागच्या डाव्या चाकाला टेकून थांबला. नेहमीप्रमाणे! त्यावरून मी त्या पोरांना किती वर्षं ओरडतोय की माझ्याच गाडीवर का मारता. ते मारत नव्हते, बॉल घरंगळत येत होता. कंपाउंडला गटाराकडे उतार आहे आणि गटार माझ्या मागच्या डाव्या कोपऱ्याच्या मागे. मेस्त्रींकडून पाणसळ आणली, खिडकीच्या पट्टीवर ठेवली, मीटरला जवळजवळ दोन सेंटीमीटर मागे उतार. खोबणीची खोली एक सेंटीमीटर. भोकं खोबणीच्या पुढच्या अर्ध्यात आहेत. म्हणजे गाडी सपाट रस्त्यावर असती तर पाणी गेलं असतं, माझ्या पार्किंगमधे ते भोकाकडे पोचतच नव्हतं, मागच्या कोपऱ्यात डबकं करून बसत होतं. उजव्या बाजूची भोकं मोकळी होती, शिवाय गाडी डावीकडेही थोडी कललेली आणि उजवीकडे ऊन-वारा मिळतो, डावी बाजू भिंतीला चिकटून, तिथे गणपती येऊन गेले तरी वाळत नाही. एकच कोपरा का, त्याचं उत्तर हे.

तर तुमचाही एकच कोपरा परत परत जात असेल तर लाकूड बघायच्या आधी पाणसळ लावा. फुकट आहे.

मी जे केलं ते असं. गाडी आता तोंड गटाराकडे करून लावतो, म्हणजे पाणी पुढे भोकांकडे येतं (यासाठी सेक्रेटरींना अर्ज द्यावा लागला, शेजारच्यांच्या दाराला माझं दार लागतं म्हणून, तो वेगळा विषय). आणि खोबणीच्या मागच्या टोकाला दोन्ही बाजूंना एक-एक जादा भोक पाडलं, बाहेरच्या बाजूला आणि खाली तिरकं. हे भोक नुसतं पाडून सोडू नका, नाहीतर पाणी भोकाच्या भिंतीतूनच लाकडात जातं. आधी १० मिलीमीटरचं पाडायचं, इपॉक्सीने पूर्ण भरायचं, दोन दिवस कडक होऊ द्यायचं, मग बरोबर मधोमध ६ मिलीमीटरचं परत पाडायचं. म्हणजे आतून इपॉक्सीची नळी तयार होते, पाणी लाकडाला शिवतच नाही.

आता कुजलेल्या भागाचं. किती गेलंय ते डोळ्याने कळत नाही, दाभण घ्या आणि दर इंचाला टोचत जा, चांगल्या लाकडात ती थांबते, कुजलेल्यात लोण्यासारखी जाते. माझं काळं दिसत होतं हातभर, दाभण सांगत होती त्याच्या पुढे अजून चार बोटं. काळं म्हणजे कुजलेलंच असंही नाही. लोखंडी स्क्रूच्या भोवती जो निळसर काळा डाग असतो तो लोखंडाचा, लाकूड आतून टणक असतं, तो ऑक्झॅलिक ॲसिडने जातो, प्रिन्सेस स्ट्रीटवर मिळतं, कोमट पाण्यात विरघळवून ब्रशने लावायचं आणि मग भरपूर पाण्याने धुवायचं. विषारी आहे, हातमोजे घाला आणि सुकल्यावर त्याची पांढरी पूड घासून उडवू नका, ती नाकात जाते. बुरशीचा काळा डाग मात्र त्याने जात नाही, त्याला साधं ब्लीच लागतं. दोन्ही एकत्र करायचं नाही, क्लोरीन वायू सुटतो.

नवीन लाकडाचा तुकडा घालताना काटकोनात कापून जोडू नका, तिथेच परत उघडेल. तिरका जोड घ्या, जाडीच्या आठपट लांब. माझी पट्टी साधारण ४० मिलीमीटर म्हणजे तिरका काप ३२० मिलीमीटरचा. लांब वाटतो पण गोंदाला पकडायला तेवढी जागा लागते. सागवान घालावं का हा प्रश्न मलाही पडला होता, रे रोडला वखारवाल्याने वलसाडी साग दाखवला, सुंदर होता. सागवान कुजणार नाही हे खरं. पण ॲश पावसाळ्यात फुगतं तेवढं सागवान फुगत नाही, एकाच पट्टीत दोन्ही जोडली तर जोडावरच ताण येतो, शिवाय सागाच्या तेलामुळे इपॉक्सी धरत नाही, ॲसिटोनने पुसून लगेच चिकटवावं लागतं. अख्खी पट्टी बदलायची असेल तर साग घालायला माझी हरकत नाही, तुकडा जोडायचा असेल तर ॲशच. मी इंपोर्टेड ॲशचा फळा घेतला, घरी पलंगाखाली दोन महिने ठेवला, मग कापला. बायकोने त्या दोन महिन्यांत काय काय ऐकवलं ते इथे लिहीत नाही.

इपॉक्सी स्लो हार्डनरचं घ्या. मी घाईत नेहमीचं घेतलं होतं, मार्चची दुपार, कपात एकदम पाव किलो कालवलं, दहा मिनिटांत कप धुरकटायला लागला. थोडं थोडं कालवा आणि खोल कपात न ठेवता पसरट ताटलीत ठेवा, गर्दीत ते स्वतःच्याच उष्णतेने तापतं. साधा पांढरा सुतारी गोंद इथे चालत नाही, ओलीत सुटतो. लांबी (म्हणजे पुट्टी) भरू नका. लांबी आणि लाकडाच्या मधे केसाएवढी फट पडतेच आणि त्यात पाणी बसतं, दिसायला छान म्हणून आतल्या आत सगळं जातं.

स्क्रू पितळेचे घातले, लाकडासाठी ठीक. पण ॲल्युमिनियमचा पत्रा जिथे पितळ किंवा लोखंडाला टेकतो तिथे आपल्या खाऱ्या दमट हवेत पत्र्याला पांढरी पावडर धरते, तो ॲल्युमिनियमचा गंज. मधे न सुकणारं मॅस्टिक (मऊच राहणारं सीलंट) लावा, दोन धातू एकमेकांना थेट लागले नाहीत की झालं.

वाळवीसाठी टाकणखार आणि बोरिक पावडर, तीच कॅरमवाली, गरम पाण्यात विरघळवून कोरड्या लाकडाला दोन-तीन हात दिले. हे कुजण्यावरही चालतं पण पावसाने धुऊन जातं, म्हणून वरून फिनिश लागतंच. आणि एक गंमत, त्या क्षारांमुळे ओल मोजायचा पिनवाला मीटर जास्त आकडा दाखवतो, मी घाबरलो होतो, म्हणून आधी आणि नंतर दोन्ही रीडिंग लिहून ठेवा.

फिनिशवर लोक तासन् तास भांडतात. माझं मत, जाड फिल्म करणारं पीयू (पॉलियुरेथेन) किंवा व्हार्निश या गाडीला नको, एक चीर पडली की पाणी आत जातं आणि फिल्म त्याला बाहेर येऊ देत नाही, माझ्या पहिल्या वर्षी हेच झालं. कच्चं जवसाचं तेल पण नको, दमट हवेत त्यावर बुरशी पोसते, पंधरा दिवसांत काळे ठिपके. मी बाहेर वापरायचं, लाकडाला श्वास घेऊ देणारं वुड स्टेन मारतो, मृगाच्या आधी एक हात आणि दिवाळीनंतर एक हात, दोन तासांचं काम. तेलाची कुठलीही फडकी गोळा करून कोपऱ्यात टाकू नका, ती आपोआप पेटू शकतात, पसरून वाळवा किंवा पाण्यात बुडवा.

शेवटचा गुन्हेगार ताडपत्री. आपण सगळे करतो ते, मे अखेर निळी ताडपत्री गाडीवर घट्ट ओढून दोरीने आवळायची. आतली ओल वर जाते, ताडपत्रीला लागून थेंब होतात आणि लाकडावर पडतात, आणि वारा बंद. मी एका ऑगस्टमधे ताडपत्री उचलली तर आतल्या सीटवर बुरशीची पांढरी लव आली होती आणि बाहेर आठ दिवस पाऊसच नव्हता. आता पीव्हीसी पाईपच्या चार कमानी करून ताडपत्री गाडीपासून वीतभर वर ठेवतो, बाजू उघड्या. पाऊस थोडा आत येतो, येऊ दे, वाळतं.

जादा भोकांनंतरचा पहिला पावसाळा गेला. सप्टेंबरमधे मीटर लावला, डाव्या कोपऱ्यात १७, उजवीकडे १६. आधी डावीकडे २६ असायचं. खोबणीतली भोकं मे, जुलै आणि सप्टेंबरमधे स्पोक घालून बघतो, जुलैमधे एक बंद सापडलंच, परत गुलमोहर. आता मागच्या उजव्या दाराची खालची कड दाभणीला मऊ लागतेय, तिथे काच नाही, खोबणी नाही, मग पाणी कुठून थांबतं ते अजून बघायचंय. बादली, तांब्या आणि भाचा, पुढच्या रविवारी.